मायकल होल्डिंग : बोलर भारी की कॉमेंटेटर भारी? (धागा)

लेगकटर

काल रात्री मुलाला दाखवायला म्हणून वेस्ट इंडिजच्या होल्डिंगची ती इंग्लंडच्या बॉयकॉटवाली ओव्हर लावली. मुलगा दोन बॉल बघून झोपला आणि मी एकटाच साडेबारापर्यंत तीच सहा बॉलची क्लिप पुढे मागे करत बसलो. ब्रिजटाउन, बार्बाडोस, १४ मार्च १९८१. पहिला बॉल बॉयकॉटच्या ग्लोव्हजला लागून स्लिपच्या थोडा अलीकडे पडतो, आणि लोक सांगतात की तो सहातला सगळ्यात स्लो होता. मग प्रत्येक बॉल आधीच्यापेक्षा जोरात. बॉयकॉट म्हणजे काय चीज होती हे आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको, दिवसभर उभा राहायचा म्हटलं तर राहायचा, पण इथे बिचाऱ्याला पाय हलवायलाही वेळ मिळत नाहीये. सहावा बॉल, स्टंप उखडून गेलाय, स्कोअर शून्य, आणि अख्खं ग्राउंड वेड्यासारखं उड्या मारतंय.

पण मला लिहायचंय ते त्या ओव्हरवर नाही, म्हणजे फक्त त्याच्यावर नाही. मी होल्डिंगला लाइव्ह बोलिंग करताना कधीच पाहिला नाही, माझा जन्मच १९८४ चा. माझ्यासाठी होल्डिंग म्हणजे आवाज. इंग्लंडच्या टेस्ट आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू व्हायच्या, कॉलेजमधून येऊन चहा घेऊन बसलं की तो खोल, घोटून घोटून आलेला जमैकन आवाज. दोन तीन बॉल काही बोलायचाच नाही. आणि मग एकच वाक्य, की मनगट बॉलच्या मागे नाहीये त्याचं, बाजूने पडतंय. पुढच्या ओव्हरला स्लो मोशन दाखवायचे आणि खरंच मनगट बाजूने पडत असायचं.

तर तुमच्या आठवणी लिहा. बोलर म्हणून, कॉमेंटेटर म्हणून, कशाही.

आकडेबहाद्दर

मस्त धागा. नवीन लोकांसाठी माहिती टाकून ठेवतो म्हणजे परत कोणी विचारायला नको. जन्म १६ फेब्रुवारी १९५४, किंग्स्टन, जमैका. ६० टेस्ट, २४९ विकेट्स, ॲव्हरेज २३.६८. वनडे १०२, विकेट्स १४२. १९७५ ला ब्रिस्बेनला डेब्यू, १९८७ ला शेवटची टेस्ट. बेस्ट मॅच ओव्हल १९७६, १४९ रन्समध्ये १४ विकेट्स, आणि वेस्ट इंडिजच्या कुठल्याही बोलरची एका टेस्टमधली ही आजही सर्वोत्तम कामगिरी आहे. मार्शल, ॲम्ब्रोज, वॉल्श, गार्नर एवढे सगळे होऊन गेले तरी.

टेनिसबॉल_सातारा

ओव्हलचं आकड्यात सांगून भागत नाही भाऊ. त्या वर्षी इंग्लंडमध्ये दुष्काळ होता, ग्राउंड बघा फोटोत, आपल्याकडे मे महिन्यात झेडपीच्या शाळेचं मैदान असतं तसं पिवळंखाक. पिच एकदम मेलेली. रिचर्ड्सने २९१ मारले, वेस्ट इंडिज ६८७ वर डिक्लेअर. इंग्लंडच्या एमिसने पण २०३ मारले. म्हणजे फास्ट बोलरने तिथे टाकायचं तरी काय? शॉर्ट टाकून उपयोग नाही, बॉल वरच येत नाही. तर ह्या पठ्ठ्याने काय केलं, पिचचा विषयच सोडून दिला. हवेतून फास्ट आणि थेट स्टंपात. १४ मधले बहुतेक बोल्ड नाहीतर एलबी. २२ वर्षांचा होता तेव्हा.

आणि सीरिजच्या आधी इंग्लंडचा कॅप्टन टोनी ग्रेग टीव्हीवर म्हणाला होता की ह्यांना आम्ही गुडघ्यावर रांगायला लावू. साउथ आफ्रिकेत जन्मलेला गोरा कॅप्टन काळ्या टीमबद्दल हे बोलतोय, विचार करा. त्या टेस्टमध्ये होल्डिंगने ग्रेगला दोन्ही इनिंगमध्ये बोल्ड काढला.

मी गावात टेनिस बॉलने बोलिंग टाकायचो तेव्हा आमच्याकडे एक जुनं मासिक होतं, त्यात होल्डिंगचा रनअपचा फोटो. मान किंचित तिरकी, छाती पुढे, पाय जमिनीला लागलेत का नाही कळत नाही. तो फोटो मी कापून वहीत ठेवलेला. पळायची स्टाइल कॉपी करायला गेलो तर पायात पाय अडकायचे, कारण त्याच्यात जोर दिसतच नाही, आणि जोर न दाखवता जोरात पळणं हेच सगळ्यात अवघड.

कांगालीगवाला

पळण्यावरून लिहितोच. मी बावीस वर्षं मुंबईत अंपायरिंग करतोय, कांगा लीगपासून ऑफिस टूर्नामेंटपर्यंत. लोकांना वाटतं अंपायर बोलरकडे बघत असतो. नसतो. बोलर मागून निघाला की आपली नजर क्रीजवर, पुढचा पाय कुठे पडतोय ते बघायचं आणि लगेच नजर उचलून समोर. मग बोलर कुठवर आलाय हे कळतं कशाने, तर कानाने. स्पाइकचा आवाज, पावसाळ्यात चिखलाचा पच् पच् आवाज, जवळ आला की श्वास. दहा वर्षांनंतर तर मला डोळे मिटून सांगता येतं की हा आज दमलाय, ह्याचा टप्पा चुकलाय, हा नो बॉल टाकणार.

आता विचार करा की मागून जगातला सगळ्यात फास्ट बोलर येतोय आणि कानाला काहीच लागत नाहीये. इंग्लंडचे अंपायर सांगायचे की तो बाजूने जाईपर्यंत पत्ताच लागत नसे, कधी कधी वळून बघावं लागे की निघालाय का नाही. व्हिस्परिंग डेथ, म्हणजे कुजबुजत येणारा मृत्यू, हे त्याचं टोपणनाव त्यातूनच आलं असं म्हणतात. लोकांना ते नाव बॅट्समनच्या बाजूने भारी वाटतं, मला ते अंपायरच्या जागी उभं राहून कळतं. अंगावर काटा येतो हो.

एकदा, फक्त एकदा, आझाद मैदानावर एक पोरगा आलेला, उंच, काळासावळा, अनवाणी सराव केलेला असणार, त्याच्या पावलांचा आवाज येत नव्हता. तीन ओव्हर मी अस्वस्थ होतो. नंतर तो परत कधी दिसला नाही.

रिमझिम

काय लिहिलंय काका! हा अँगल कधीच वाचला नव्हता.

नाना_गिरगाव

सगळ्यांचं वाचतोय. छान लिहिताय. पण मला ह्या माणसाचं कौतुक सहज करता येत नाही, आणि त्याचं कारण एप्रिल १९७६, किंग्स्टनचं सबाइना पार्क. तुम्हा मंडळींना यूट्यूब आहे, आम्हाला सकाळचा पेपर होता. मी तेव्हा अकरावीत.

आधी पोर्ट ऑफ स्पेनला आपण ४०३ चं टार्गेट चेस केलेलं, चाळीत पेढे वाटले होते. त्यांचा कॅप्टन क्लाइव्ह लॉइड तीन स्पिनर घेऊन खेळला आणि हरला. पुढच्या टेस्टला चार फास्ट बोलर, होल्डिंग, डॅनियल, ज्युलियन, होल्डर. पहिल्या विकेटला गावसकर आणि अंशुमन गायकवाडने १३६ काढले. मग ह्यांनी राउंड द विकेट येऊन अंगावर बोलिंग सुरू केली. पिचच्या एका टोकाला उंचवटा, बॉल कुठून कसा उठेल पत्ता नाही, आणि डोक्यावर हेल्मेट नाही, त्या काळी नव्हतंच. गायकवाड ८१ वर असताना होल्डिंगचा बॉल कानावर बसला, हॉस्पिटलात न्यावं लागलं. विश्वनाथचं बोट मोडलं. ब्रिजेश पटेलच्या तोंडावर होल्डरचा बॉल. बेदीने ३०६ ला ६ वर डिक्लेअर केलं कारण पुढे पाठवायला आपली माणसं तुटत होती. दुसऱ्या इनिंगला आपला स्कोअर ९७ आणि पुढे पाच जणांच्या नावासमोर ॲबसेंट हर्ट. स्कोअरकार्डात ही ओळ मी पाच वेळा वाचली होती. गावसकरांनी आपल्या पहिल्या पुस्तकात त्या मॅचबद्दल आणि ओरडणाऱ्या पब्लिकबद्दल जे लिहिलंय ते वाचलं तर आजही रक्त गरम होतं.

गायकवाडला नंतर त्या कानासाठी ऑपरेशनं करावी लागली. जुलै २०२४ ला तो गेला तेव्हा मला पहिली तीच टेस्ट आठवली.

आकडेबहाद्दर

नानांशी सहमत, फक्त एक ॲड करतो. त्या ९७ मध्ये मोहिंदर अमरनाथचे एकट्याचे ६० होते.

टेनिसबॉल_सातारा

नाना, तुमचं दुःख कळतं. पण एक विचारू का, ऑर्डर कॅप्टनची होती, पिच तशी होती, आणि अडीच महिन्यांपूर्वीच तीच टीम ऑस्ट्रेलियात लिली थॉमसनच्या बोलिंगवर ५-१ मार खाऊन आलेली. ह्यांनाही कोणी हेल्मेट दिलं नव्हतं. ते तिकडून शिकून आले की जिंकायचं असेल तर असंच. २२ वर्षांच्या पोराला वेगळं काढून दोष देणं मला जमत नाही.

नाना_गिरगाव

कॅप्टनने सांगितलं हे कारण मला पटत नाही. बॉल ज्याच्या हातातून सुटतो त्याचा असतो.

डर्बीकर

दोघांचंही म्हणणं मला कळतंय. मी गेली चौदा वर्षं डर्बीत राहतो, होल्डिंग इथल्या काउंटीकडून १९८३ ते ८९ खेळला. काउंटी ग्राउंडवर मॅच बघायला गेलं की शेजारी बसलेले म्हातारे गोरे आजोबा हमखास त्याचा विषय काढतात. मला सगळ्यात नवल वाटलं ते हे, की कोणीच स्पीडबद्दल पहिलं बोलत नाही. थंडीत, ओल्या पिचवर, समोर शंभर दीडशे माणसं, तरी तो तसाच पळायचा असं सांगतात. थर्मास उघडत उघडत सांगतात, आणि हाताने हवेत रनअप काढून दाखवतात.

ऑस्ट्रेलियाचा विषय निघालाच आहे तर. त्याच ५-१ च्या दौऱ्यातली सिडनी टेस्ट, जानेवारी १९७६. इयान चॅपलची मागे कॅच गेली, सगळ्या ग्राउंडला कळलं, अंपायरने नॉट आउट दिलं. होल्डिंग पिचवरच खाली बसला आणि रडायला लागला. एकवीस वर्षांचा मुलगा, पहिलाच दौरा. टीममधल्या लोकांनी येऊन उठवलं. नाना, हे किंग्स्टनच्या तीन महिने आधीचं आहे. मी त्याने किंग्स्टनला जे केलं त्याची भरपाई म्हणून नाही सांगत, फक्त सांगतोय.

लेगकटर

हे मला माहीत नव्हतं. मला फक्त न्यूझीलंडमधलं डनेडिन माहीत होतं, फेब्रुवारी १९८०, पार्करची कॅच अंपायरने नाकारली आणि ह्याने लाथ मारून स्टंप उडवले. तो फोटो बघितला तर चिडलेल्या माणसाचा वाटतच नाही, पाय डोक्याच्या उंचीला, बॅलन्स एकदम परफेक्ट. चूक होतीच, तो स्वतःही त्याचं समर्थन करत बसत नाही. पण त्या माणसाला अन्याय झाला की राहवतच नाही हे तेव्हापासून आहे म्हणायचं.

सावळी_सई

मी क्रिकेट फार बघत नाही, नवरा बघतो म्हणून घरात चालू असतं. पण मला होल्डिंग माहीत आहे आणि का ते सांगते.

जुलै २०२०. लॉकडाउन, कुठेच क्रिकेट नव्हतं, कितीतरी महिन्यांनी पहिली टेस्ट साउदॅम्प्टनला, इंग्लंड वेस्ट इंडिज. आणि पाऊस. स्टेडियम रिकामं, कव्हर टाकलेले. मी किचनमध्ये पोळ्या करत होते. टीव्हीवर एक वयस्कर माणूस शांतपणे बोलत होता, मला वाटलं पिचबद्दल असेल. मग तो म्हणाला की आम्हाला शाळेत शिकवलं की बल्ब एडिसनने लावला, पण एडिसनचा बल्ब कागदाच्या फिलामेंटचा होता आणि पटकन जळून जायचा, टिकणारं कार्बनचं फिलामेंट करणारा काळा माणूस होता, लुईस लॅटिमर, त्याचं नाव कुठल्या शाळेत शिकवतात? इतिहास जिंकणारा लिहितो, हरलेला नाही. मी गॅस बंद केला आणि बाहेर येऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशीचा इंटरव्ह्यू मी मुद्दाम शोधून बघितला. त्यात त्याला विचारलं आणि तो आईवडिलांबद्दल बोलायला लागला. त्याच्या आईच्या माहेरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, का, तर नवरा फार काळा. हे सांगताना त्याला पुढे बोलताच येईना. सहासष्ट वर्षांचा माणूस, इतकी वर्षं माइकसमोर काढलेला, आणि शब्द फुटेना.

माझं नाव बघताय ना वर. लग्नाच्या वेळी तीन स्थळांकडून निरोप आला होता की मुलगी छान आहे पण सावळी आहे. चौथ्या ठिकाणी माझ्या मावशीनेच फोटो बदलून पाठवलेला, गोरा करून. माझ्या आईला तिच्या सासूने आयुष्यभर काळी म्हणूनच हाक मारली, प्रेमाने म्हणायच्या म्हणे. मी त्या दिवशी टीव्हीसमोर रडले ते जमैकासाठी नाही रडले.

रिमझिम

सई ताई, काय बोलू. माझ्याकडेही हेच, फक्त मला असं मांडता आलं नसतं.

कांगालीगवाला

सईताई, धन्यवाद हे लिहिल्याबद्दल. मैदानावरसुद्धा पोरं एकमेकांना रंगावरून काय काय नावं ठेवतात, आम्ही हसण्यावारी नेत आलो. मी त्या भाषणानंतर एकदा मॅच थांबवून दोन पोरांना बोललो. आधीच्या इतक्या वर्षांत का नाही बोललो ते माझं मलाच टोचतं.

डर्बीकर

इथे त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे त्यावरच बोलत होते, क्रिकेट न बघणारेसुद्धा. त्याच्याबरोबर एबोनी रेनफर्ड ब्रेंट होती, इंग्लंडकडून खेळलेली पहिली काळी महिला क्रिकेटर, तीपण खूप धीराने बोलली. नंतर त्याने त्याच विषयावर पुस्तक लिहिलं, वेगवेगळ्या खेळाडूंशी बोलून, आणि २०२१ चं विल्यम हिल स्पोर्ट्स बुक ऑफ द इयर त्यालाच मिळालं.

आणि अजून एक. २०१० ची लॉर्ड्स टेस्ट आठवा. पाकिस्तानच्या आमिरने तो एवढा मोठा नो बॉल टाकला तेव्हा माइकवर होल्डिंगच होता. रिप्ले बघून त्याच्या तोंडून नुसतं वाव निघालं, कारण एवढा पाय पुढे कसा गेला हे बोलरलाच कळतं. फिक्सिंगची बातमी फुटल्यावर स्टुडिओत आमिरबद्दल बोलताना ह्याचे डोळे भरून आले. अठरा वर्षांचं पोरगं, एवढा टॅलेंट, ह्याला कोणी ह्यात ओढलं, असं त्याला होत होतं. बाकी सगळे शिक्षेबद्दल बोलत होते.

लेगकटर

सिडनी १९७६, लॉर्ड्स २०१०, साउदॅम्प्टन २०२०. पहिल्यांदा स्वतःवर अन्याय झाला म्हणून, दुसऱ्यांदा एका परक्या पोरासाठी, तिसऱ्यांदा आईसाठी. धागा काढताना माझ्या डोक्यात फक्त रनअप आणि आवाज होता. आता वाटतंय मला ह्या माणसाबद्दल काहीच माहीत नव्हतं.

पुणेरी_मिडविकेट

थोडं विरुद्ध लिहितो, राग मानू नका. कॉमेंटेटर म्हणून मला होल्डिंग आवडायचा, पण टी ट्वेंटीबद्दल तो टोकाचं बोलायचा. आयपीएलची कॉमेंट्री का करत नाही विचारलं तर म्हणाला मी फक्त क्रिकेटवर कॉमेंट्री करतो. ऐकायला भारी आहे, पण बुमराह आपल्याला पहिल्यांदा दिसला कुठे? आयपीएलमध्येच ना. मग ते क्रिकेट नाही कसं म्हणायचं?

टेनिसबॉल_सातारा

बुमराहचं बरोबर आहे. पण होल्डिंगचं दुखणं वेगळं होतं. वेस्ट इंडिजची पोरं लीगच्या पैशासाठी टेस्ट सोडून गेली, त्याच्या डोळ्यांसमोर टीम विरत गेली. ज्या टीमने पंधरा वर्षं एक सीरिज हरली नाही तिचं हे झालेलं बघणं म्हणजे घर पडताना बघणं. आणि हा माणूस पैशाबद्दल बोलायचा अधिकार कमवून बसलाय. १९८३ ला साउथ आफ्रिकेच्या बंडखोर दौऱ्यासाठी वेस्ट इंडियन खेळाडूंना मोठमोठ्या रकमा मिळत होत्या, कितीतरी जण गेले. ह्याने नकार दिला. वर्णभेदाच्या देशात जाऊन खेळायचं नाही म्हणजे नाही.

आकडेबहाद्दर

आयसीसीचंही लिहा कोणीतरी. २००६ ची ओव्हल टेस्ट, पाकिस्तान मैदानात उतरलं नाही म्हणून इंग्लंडला विजय दिला होता. २००८ मध्ये आयसीसीने निकाल बदलून ड्रॉ केला. होल्डिंग तेव्हा आयसीसीच्या क्रिकेट कमिटीवर होता, त्याने राजीनामा दिला. २००९ मध्ये आयसीसीने निकाल परत इंग्लंडचा केला. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रेलिया वेस्ट इंडिज मॅचला अंपायरिंगवर बोलला, स्टार्कचा मोठा नो बॉल सुटला होता आणि पुढच्या बॉलला, जो खरं तर फ्री हिट असता, गेल आउट. वरून मेल आला की अंपायरच्या चुकांवर जोर देऊ नका. ह्याने ते ऐकून घेतलं नाही, उलट मेलच्या उत्तरात सुनावलं.

डर्बीकर

आणि २०२१ ला इंग्लंडने पाकिस्तानचा दौरा रद्द केला तेव्हा त्याने सरळ सांगितलं की हा पाश्चिमात्य गर्व आहे, हेच भारताबरोबर केलं असतं का, नाही, कारण भारताकडे पैसा आणि ताकद आहे. ज्या काउंटीत खेळला, ज्या चॅनेलने वीस वर्षं पगार दिला, त्या देशात बसून हे बोलला. नुकताच रिटायर झाला होता, सप्टेंबर २०२१ ला.

पुणेरी_मिडविकेट

नाही, हे मान्य. आयपीएलवरचं माझं मत तेच आहे, पण माणूस विकला जाणारा नव्हता हे शंभर टक्के.

कांगालीगवाला

त्याची अजून एक बाजू कोणी लिहिली नाही, बॅटिंग. हसू नका, सांगतो. ओल्ड ट्रॅफर्ड, ३१ मे १९८४, वनडे. वेस्ट इंडिज १६६ ला ९. रिचर्ड्स एका बाजूला, आणि अकराव्या नंबरला होल्डिंग. दोघांनी नाबाद १०६ काढले, रिचर्ड्स नाबाद १८९, होल्डिंगचे त्यात १२. फक्त १२! पण एकदाही आउट झाला नाही, घाई केली नाही, एक रन काढून स्ट्राइक द्यायचा. मोठ्या माणसाच्या बाजूला शांत उभं राहता येणं ही पण एक कला आहे.

लेगकटर

काका हेच! कॉमेंट्रीत पण तेच करायचा बघा. अथर्टन, नासिर, डेव्हिड लॉइड, बॉथम, गॉवर, एवढी मोठी माणसं बॉक्समध्ये, कोणी जास्त बोलणारा बाजूला असला की हा बोलूच द्यायचा. आणि कोणी काही चुकीचं बोललं की मग हळू आवाजात, ना चढता ना उतरता, एक वाक्य. समोरचा गप्प.

माझ्या आवडीचं, २००७ ची ट्रेंट ब्रिज टेस्ट. आपला श्रीरामपूरचा झहीर राउंड द विकेट येऊन दोन्ही बाजूंना बॉल काढतोय, मॅचमध्ये नऊ विकेट्स, आपण जिंकलो आणि त्याच्यावरच सीरिज. त्या टेस्टनंतर मी हॉस्टेलच्या मागच्या भिंतीवर खडूने स्टंप काढून महिनाभर मनगट सरळ ठेवायची प्रॅक्टिस केली होती. मनगट, सीम, बॉल सोडताना बोटं कुठे, हे बघायची सवय मला ह्याच माणसाने लावली.

रिमझिम

मला त्याचं रेसचे घोडे प्रेम पण आवडतं. कुठेतरी वाचलं होतं की इंग्लंडात असला की न्यूमार्केटला घोडे बघायला जायचा, मोठा ट्रेनर मायकल स्टाउट त्याचा मित्र, तोही मूळचा बार्बाडोसचा. आणि खेळणं संपल्यावर जमैकात पेट्रोल पंप चालवायचा.

टेनिसबॉल_सातारा

घोडे आवडणारच. स्वतः तसाच पळायचा.

नाना_गिरगाव

चार दिवस सगळं वाचतोय. नातवाने साउदॅम्प्टनचं ते पावसातलं बोलणं लावून दिलं, पूर्ण ऐकलं. सईताईंचंही दोनदा वाचलं. गायकवाडच्या कानाबद्दल माझं मत बदललेलं नाही, ते बदलणार नाही.

पण आकडेबहाद्दरांनी मोहिंदरच्या ६० ची आठवण काढली म्हणून लिहितो. २५ जून १९८३, वर्ल्ड कप फायनल, चाळीत एकच टीव्ही, जिन्यापर्यंत माणसं. वेस्ट इंडिजची शेवटची विकेट, १४० ला. बॅटिंगला होल्डिंग, बोलिंगला मोहिंदर. एलबी. सगळे नाचत होते आणि मी एकटा किंग्स्टन किंग्स्टन करून ओरडत होतो, कोणाला कळलं नाही मी काय म्हणतोय.

मग नोव्हेंबरमध्ये ते सगळे वानखेडेला आले. वर्ल्ड कपचा राग काढायलाच आले होते, सहा टेस्टची सीरिज ३-० जिंकून गेले, मार्शलच्या ३३ आणि होल्डिंगच्या ३० विकेट्स. मी ऑफिसात खोटं सांगून गेलो. मला बघायचं होतं एकच, गायकवाड ओपनिंगला आणि समोर तोच माणूस, सात वर्षांनी. मी त्याला शिव्या घालायला गेलो होतो हे खरं सांगतो. पाठ करून गेलो होतो काय ओरडायचं ते. शेजारी एक पारशी म्हातारा, मांडीवर डबा.

होल्डिंग साइट स्क्रीनकडे चालत गेला, वळला, आणि निघाला. आणि आमचं स्टँड गप्प झालं. सांगितल्यासारखं. शेंगदाणेवाला पण थांबला. गायकवाडने बॉल खेळून काढला, बॅट खाली ठेवून पिच थोपटली, होल्डिंग परत चालत मागे गेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात तो परत वळलेला होता.

संध्याकाळपर्यंत मी एकदाही ओरडलो नाही. घरी जाताना चर्चगेटपर्यंत चालत गेलो.